दोघींचं माहेर
कोलन वॉटरचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. लेकाला दर महिन्याला ताप यायचा, गुडघे सुजायचे, तोंडात फोड यायचे. मी त्याच्या कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवत बसले की सासू दारात उभी राहून म्हणायची, "आमच्यात असलं कुनाला न्हाय. हिच्या म्हायेरचंच रक्त नासकं हाय." शेवटी कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी पोराची जनुकांची तपासणी करायला लावली. रिपोर्टच्या दिवशी सासू मुद्दाम सोबत आली, माझी नाचक्की ऐकायला. डॉक्टर म्हणाले, सदोष जनुक आईकडूनही आलंय आणि वडलांकडूनही, एकाकडूनच आलं असतं तर हा आजार झाला नसता. सासू उसळली, "माझ्या लेकात कुठनं यील? हिच्या बापाकडं बघा की!" डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हिचे वडील तुमचे कोण?" मग मीच मोठ्यानं सांगितलं, "सख्खा भाऊ हाय. ह्या माझ्या आत्ती. घरातली पोरगी घरात, म्हणून हट्टानं मागून आणलीया मला." डॉक्टरांनी कागदावर माझी रेघ वर नेली, नवऱ्याचीही नेली. दोन्ही शिरोळच्या एकाच जोडप्यावर टेकल्या, माझे आजी-आजोबा, सासूचे आईबाप. त्या दिवसापासून इतकी वर्षं तिनं माझ्या माहेराचं नाव काढलं नव्हतं. परवा काढलं. धाकट्या नातवासाठी, म्हणजे माझ्या दुसऱ्या पोरासाठी, तिला माझ्या भावाची मुलगी बायको म्हणून हवीय. मी कपाटातली कोलन वॉटरची बाटली आणून तिच्यापुढं आपटली आणि म्हणाले, "आधी ह्याचा वास घ्या, आत्ती. मग बोला."