फुडं काय व्हतं?

वाईच्या एसटी स्टँडजवळ तो कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करून द्यायचा. प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्याची बोटं चालत नसत. मी तोंडी सांगितलेला, पाचगणीच्या शाळेतून माझ्या बदलीचा अर्ज त्यानं असाच बाकावरच्या सगळ्यांना ऐकवला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. त्यानं सेव्ह केलं नव्हतं. परत सुरू केल्यावर अर्धाच मजकूर सापडला आणि मला तर पुढचं एकही वाक्य आठवेना. तो शांतपणे बाकाकडं वळला.

“फुडं काय व्हतं, आजी?”

“कंबर लय दुखती, पाचगणीचा घाट झेपत न्हाई,” बाकावर बसलेल्या, माझ्या घराशेजारच्या आजी म्हणाल्या. “पर काल तर गुरुजींनी गॅसची टाकी खांद्यावरनं नेली.”

पहिलं वाक्य त्यानं मोठ्यानं म्हणत टाइप केलं. दुसरं ऐकून माझ्याकडं बघितलं आणि तोंडातून अवाक्षर न काढता थेट ‘आपला विश्वासू’ टाइप केलं.