लेबलवरचं आडनाव

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भडगावजवळ गिरणेच्या काठी माझी छोटी वायनरी होती... म्हणजे पत्र्याची शेड, थोडी पिंपं आणि रीतसर लायसन्स. एके दुपारी भुसावळचे एक वाईन शॉपवाले शेठ शेडवर आले.

मी काळी साहेबी द्राक्षाची वाईन करायचे. सगळ्यांना तेव्हा बिनबियांचं द्राक्ष हवं होतं, काळी साहेबीचे वेल लोक मुळासकट उपटत होते. मी हट्टाने लावले. गाव मला दारूवाली ताई म्हणायचं... म्हणो बापडं.

वेलांची छाटणी शेवंताबाई करायच्या. छाटणी म्हणजे गड्याचं काम, बाईला काय जमणार, असं सुनावणारे पुष्कळ भेटले. मी कात्री त्यांच्याच हातात दिली, आणि लेबलवर नावही छापलं... 'छाटणी : शेवंताबाई बैसाणे'.

शेठनी एक घोट घेतला, मग ग्लास भरून घेतला. सगळा माल उचलतो म्हणाले. तोवर एकही दुकानदार माझी बाटली फळीवर ठेवायला तयार नव्हता, आणि माल असाच पडून राहिला असता तर शेडला कुलूप लावावं लागणार होतं. मी मनातून हरखले.

मग त्यांनी बाटली फिरवून लेबल वाचलं. आवाज खाली आणून म्हणाले, "शेवंताबाई राहू द्या, ताई. आडनाव तेवढं काढा. प्यायची वस्तू आहे... लोक आडनाव वाचतात."

अंगाची लाही लाही झाली. आडनावावरून त्यांनी बाईंची जात ताडली होती, आणि त्यांचा हात लागलेली वाईन गिऱ्हाईक पिणार नाही असं मला समजावत होते. स्वतःचा ग्लास मात्र रिकामा करून बसले होते!

शेवंताबाई दारातच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या ताई, माझ्यापायी नुकसान नको. त्या सरळ शेठकडे बघून म्हणाल्या, "मन्हं नाव लावनं व्हई ते पुरं लावा. अर्धं नको."

मी शेठना म्हटलं, ऐकलंत ना, नाव लागेल तर पुरंच, आता माल मिळणार नाही. मला वेड्यात काढत ते निघून गेले.

नंतर बाटल्यांची खोकी घेऊन मी जळगाव-धुळ्याची हॉटेलं पालथी घातली. नकार खाल्ले, थोडे होकारही मिळाले, शेड कशीबशी तगली. खरं सांगते, ते वाक्य मला सुचलं नसतं... शेवंताबाईंची मी आजही ऋणी आहे.

पुढची लेबलं छापायला दिली तेव्हा प्रेसवाल्याला सांगितलं, आडनावाचा टाइप मोठा करा. किती मोठा, त्याने विचारलं.

म्हटलं, भुसावळहून वाचता आला पाहिजे.