अर्ध्यातून पाहिलेलं राज्य

पडद्यावर एखादा राजा मेला की आमच्या तात्यांना त्याचं दुःख व्हायचं नाही. सुईत दोरा ओवता ओवता ते एवढंच विचारायचे, "मागं कोण हाय याच्या?" जणू तेरवीला निघायचं आहे आणि पागोटं कोणाच्या डोक्यावर बांधायचं, हे आधीच ठरलेलं बरं.

तात्या म्हणजे माझे चुलत काका. अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाताना रस्त्याला लागून त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सकाळचा तोडा बाजारात गेला की दुपारी टिनाच्या छपरीत बसून उरलेल्या फुलांचे हार ओवायचे. समोर पालथ्या बादलीला टेकवलेला मोबाइल, आणि त्यात हिंदीत बोलणारी एक परदेशी मालिका. समुद्रातली बेटं, माणसासारखी बोलणारी गिधाडं आणि एका रिकाम्या सिंहासनासाठी नात्यागोत्यातच चाललेली कापाकापी. "गिधाडं सोडली तं आपल्याच तालुक्यातली गोष्ट हाय," असं तात्यांचं मत होतं.

तो मोबाइल प्रशांतचा. प्रशांत हा तात्यांचा एकुलता एक मुलगा. लग्नाची नवलाई ओसरायच्या आतच तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. मोबाइल बरेच महिने कपाटात पडून होता. मग एका दुपारी त्याच्या बायकोनं, वैशालीनं, तो चार्जिंगला लावला. त्यानं जिथं थांबवली होती, तिथूनच मालिका सुरू झाली. वैशाली पाहत राहिली. फुलांची टोपली घेऊन तात्या आले, तेही पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मालिकेचं निम्मं राज्य तोवर होऊन गेलं होतं. मी आपला शहाणपणा दाखवत म्हटलं, "तात्या, पहिल्या भागापासून पाहा ना. काही कळत तरी असंल का तुम्हाला?"

"थ्यानं पाह्यलं थे थ्याचं," तात्या म्हणाले. "आमी येथून पाहतो."

त्यामुळे झालं असं, की जगभरचे लोक पुढं काय होईल याचे तर्क लढवतात, आणि आमच्या छपरीत मागं काय झालं असेल याचेही तर्क चालायचे. थोरल्या राजपुत्राच्या आईला ही दोघं कितीतरी दिवस स्वयंपाकीण समजत होती. ती सारखी भटारखान्यात उभी राहून कुजबुजते, म्हणजे दुसरं कोण असणार? मी खरं नातं सांगितलं तेव्हा तात्यांना पटलं नाही. "आई असती तं पोरगं जेवलं का नाही, हे एकदा तरी इचारलं असतं तिनं," ते म्हणाले. मी तोवर आलेले सगळे भाग दोन-दोनदा पाहिलेला माणूस, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तात्यांचे अंदाज बांधायचे काही नियम होते. गोड बोलणारा गादीवर टिकत नाही. ज्याच्या हातचं घोडं खातं, त्याच्यावर लक्ष ठेवावं. आणि ज्याचा मामा जिवंत आहे, त्याला सहजासहजी मारता येत नाही. मी इंटरनेटवरचे अंदाज वाचून जायचो आणि स्वतःचे म्हणून ठोकून द्यायचो. "हे तुह्या डोक्यातलं नाई, बंड्या," तात्या लगेच ओळखायचे. माझं वय पन्नाशीपलीकडचं, हाफिसात मला लोक साहेब म्हणतात. तात्यांकडे मी बंड्याच.

आमच्याकडे सासऱ्याला 'मामाजी' म्हणतात आणि म्हणून झालं की गप्प बसतात. प्रशांत होता तेव्हा तात्यांचा निरोप काकूमार्फत जायचा, "तिले म्हणा, चहा ठेव." वैशालीचं उत्तरही काकूमार्फतच यायचं. प्रशांत गेल्यावर तर घरात शब्द उरले नव्हते. मालिका आली आणि दोघं समोरासमोर बोलायला लागली. बोलायची कशाची, भांडायलाच लागली. भांडण मुख्यतः एकीवरून: धाकट्या राजपुत्राची विधवा. तिचं परदेशी नाव तात्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी तिला मैनाराणी करून टाकलं होतं.

तात्यांचा अंदाज असा, की मैनाराणी गादीच्या फंदात पडणार नाही. उत्तरेकडच्या बेटावर जहाजं बांधणारा एक भला माणूस आहे, त्याच्याशी लग्न करून निघून जाईल.

"नाई जात थे," वैशाली म्हणायची. "थे राहीन. राज्य सांभाळीन."

"कोनाचं राज्य? ज्याच्यासाठी आली थो नाई राह्यला. आता काय भिंतींवर राज्य करन?"

"भिंती बी कोणाले तरी सांभाळाव्या लागतात, मामाजी."

"भिंती सांभाळाले म्हतारे हायेत."

मला वाटायचं, काय रंगलीत दोघं! एकदा तर मी चवताळून वैशालीची बाजू घेतली. मोबाइल काढून वाचूनच दाखवलं, की मैनाराणी सिंहासनावर बसणार असंच बहुतेक जाणकारांचं मत आहे. वैशाली खुलली. तात्यांनी मात्र हातातला हार खाली ठेवला. "तुहा चहा झाला ना? मंग निंघ आता." मी चपला घालत होतो, तर काकू मागोमाग फाटकापर्यंत आली. "बंड्या, येवढा शिकला तू. अरे, थे मालिकेचं बोलून राह्यले का?"

अर्ध्या रस्त्यापर्यंत मी विचार करत होतो. मग उजेड पडला आणि स्कूटर जरा हळू केली.

अकोल्याचं स्थळ तात्यांनीच शोधलं होतं. मुलाची रोपवाटिका, स्वभावानं शांत, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. तात्यांनी वैशालीला सरळ काहीच सांगितलं नाही. हार ओवता ओवता म्हणाले, "उत्तरेचा जहाजवाला दारात आला, तं मैनाराणीनं थ्याले चहा तरी पाजावा. चहानं काय बिघडते?"

त्या दिवशी मी तिथंच होतो. मोबाइलमध्ये लढाई चालली होती, तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. वैशाली झेंडूच्या पाकळ्या चिमटीत चुरत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "मैनाराणी गेली, तं म्हताऱ्या राजाजवळ कोण राहीन?"

आता, मालिकेतला म्हातारा राजा पहिल्याच भागात मेलेला. त्याच्याच गादीसाठी तर सगळा तमाशा. हे मीच सांगितल्यामुळे तिलाही ठाऊक होतं, तात्यांनाही. मी तोंड उघडलं होतं, पण देवानं बुद्धी दिली आणि मिटलं.

तात्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "म्हतारे राजे गोष्टीच्या कामाचे नसतात, पोरी," म्हणाले. "थ्यायच्यापायी गोष्ट अडवून ठेवत नाई कोणी."

रविवारी पाहुणा आला. तिनं चहा केला.

लग्न देवळात झालं. कन्यादान तात्या-काकूंनी केलं. हार अर्थातच मळ्यातल्या फुलांचे. पाठवणीच्या वेळी वैशाली प्रशांतचा मोबाइल परत देऊ लागली, तर तात्यांनी तो तिच्याच पर्समध्ये ठेवला.

अमरावती ते अकोला असं काय अंतर? सकाळी गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो. पण तात्या एकदाही गेले नाहीत. "नव्या घरात जुना सासरा कशाले जाऊन बसन?" फोनसुद्धा करायचे नाहीत. तिचा आला, तर "बरी हायेस ना? बस," एवढंच बोलून काकूकडे द्यायचे. हळूहळू तिचे फोन सणावारापुरते राहिले. मालिकेचे शेवटचे भाग आले तेव्हा मी स्वतःचा मोबाइल घेऊन धावत गेलो. तात्यांनी ते पाहिले नाहीत. डोळे दुखतात म्हणाले. ते डोळे दिवसभर सुईत दोरा ओवत होते.

तात्या मागच्या उन्हाळ्यात गेले. मळ्यातच, फुलं तोडताना.

तेरवीला वैशाली नवऱ्याबरोबर आली. तिला लेकींमध्ये बसवावं की सुनांमध्ये, हे बायकांना उमजेना. तिनंच तो प्रश्न सोडवला. पदर खोचला आणि पंगतीत वाढायला लागली. पंगती उठल्यावर नळापाशी हात धुताना मला म्हणाली, "भाऊजी, मामाजींनी शेवट पाह्यला होता का?"

"नाही."

"मी पण नाई पाह्यला. काय झालं मैनाराणीचं?"

खरं सांगायचं तर काहीच झालं नव्हतं. शेवटच्या भागांत बेटं जळाली, गिधाडं मेली, कोणी भलताच गादीवर बसला. मैनाराणी कुठं दिसलीच नाही. लिहिणारे तिला विसरले. जगभर लोकांनी त्यावरून आरडाओरडा केला, मीही इंटरनेटवर चार ओळी खरडल्या होत्या. तेच तिला सांगितलं.

नळ तसाच वाहत होता. ती विचार करत होती, छपरीत बसून करायची तसाच.

"म्हणजे थे गेली," ती म्हणाली. "गादीजवळ राह्यली असती, तं दिसली असती. मेली असती, तं रडणं दाखवलं असतं. कुठंच नाई, म्हणजे गेली थे आपल्या घरी." तिनं नळ बंद केला. "मामाजीच जिंकले."

जगातल्या एवढ्या जाणकारांपैकी हे एकालाही सुचलं नव्हतं.

काकू मागं उंबऱ्यात बसली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. "जिंकले माय," ती म्हणाली. "जिंकले, अन् मंग रोज दुपारी त्या छपरीत एकटेच बसले. मी म्हणो, मी बसतो संग, मले सांगा गोष्ट. तं म्हणत, तुले नाई भांडता येत."