निम्मी भाकर

माझ्या आईचा प्रभूवर विश्वास एका कावळ्यामुळे बसला. हे सांगितलं की आमच्या मंडळीतले लोक अजूनही खाली बघतात. कुणाचा विश्वास आजार बरा होऊन बसतो, कुणाचा स्वप्न पडून. तशा साक्षी सगळ्यांना आवडतात. कावळ्याची साक्ष कुणाला नको होती, आणि आईकडे दुसरी नव्हती.

आमचं गाव अर्धापूरजवळ, केळीच्या पट्ट्यात. माझा धाकटा भाऊ सकाळी केळीला पाणी द्यायला गेला आणि मोटरीच्या स्टार्टरला चिकटला. लग्न ठरत आलं होतं. त्याचा दहावा गोदावरीच्या घाटावर केला. पिंड मांडला आणि सगळे मागे सरून बसले. बाभळीवर कावळे होते, नव्हते असं नाही. पण एकही खाली उतरेना. आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, शब्द दिला की त्याची मोटारसायकल विकणार नाही. चुलत्यांनी शब्द दिला की त्याच्या आईला अंतर देणार नाही. मामाने तर गुटख्याची पुडी फोडून पिंडाशेजारी ठेवली. कावळे बघत बसले.

मी त्याच्या आधीच बाटले होते. गावाचा शब्द तोच होता. नर्सिंगच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत बिलोलीकडची एक ख्रिस्ती मुलगी होती. तिच्याबरोबर प्रार्थनेला जाता जाता मी तिथलीच झाले. त्यामुळे घाटावर मी बाजूला उभी होते. हे सगळं खोटं आहे, मेलेल्याची भूक कावळ्याच्या चोचीत नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी मनातल्या मनात मी म्हणत होते, ये रे मेल्या, ये ना एकदाचा. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक आंघोळी करून मोकळे झाले. आई मात्र दुपारपर्यंत हलली नाही.

"माझं लेकरू उपाशी गेलं," एवढंच ती म्हणायची. मग त्याचं तिला वेडच लागलं. ताटात घास आला की पहिला घास अंगणात. दुसरा घास खाल्ला तर खाल्ला. नदीच्या घाटावर जे झालं नाही ते अंगणात कसं होणार? अंगणात कोंबड्या होत्या, त्या पुष्ट झाल्या आणि आई वाळत गेली.

तेव्हा मी तिला नांदेडला माझ्या घरी आणलं. रविवारी घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून प्रार्थनेला नेलं. आमचं मंदिर म्हणजे पत्र्याचं शेड, खाली सतरंज्या. लोक हात वर करून मोठ्यानं रडत होते. आई बघत राहिली आणि घरी येताना म्हणाली, "इथं बरंय. कुणी गप बस म्हणून न्हाई राहिलं." पुढच्या रविवारी ती माझ्या आधी तयार होऊन बसली.

बाप्तिस्मा घ्यायचं तिचं तिनेच ठरवलं. आबांना विचारायला मी घाबरत होते. ते केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होते. मान वर न करता म्हणाले, "जीव रमत आसंल तर जाऊ दे तिला. माझा देव न्हाई रुसायचा." पास्टरांनी तिला त्याच गोदावरीत बुडवून काढलं. ती वर आली तेव्हा कपाळावरचं कुंकू वाहून गेलं होतं. मंडळीतली एक बाई लगबगीने म्हणाली, आता परत लावू नका. आबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "का? मी मेलो का?" आईने ते पास्टरांना जसंच्या तसं सांगितलं. पास्टर हसले आणि म्हणाले, लावा मावशी, देव कपाळ बघत नाही.

त्यानंतर तिने आम्हा सगळ्यांचं जगणं मुश्कील केलं. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न, "हे देवाला आवडंल का?" मिसरी सोडली. शेजारणीशी पाण्यावरून भांडण होतं, ते तिच्या दारात जाऊन मिटवलं. महिन्याला गावी चक्कर व्हायची, तिथं व्यापाऱ्याला घडांतली डागी केळी आपण होऊन दाखवली, तेव्हा आबांनी कपाळाला हात लावला. मी फोनवर कुणाला "ती बाहेर गेली" असं सांगितलं, तर ही मोठ्यानं म्हणाली, "घरात तर हाय मी!" मी चिडायचे. बाटले मी आधी, आणि मला ख्रिस्ती वागणं शिकवायला लागली ही. पण ती आता जेवत होती. महिन्यात तिचा चेहरा भरला. मंडळीत सगळे म्हणायचे, बघा, प्रभूने सांत्वन केलं. मीही म्हणायचे.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर म्हणायची, पण असते गव्हाची जाडसर पोळी. पास्टर ती मोडतात आणि ताट रांगेतून फिरतं. ज्याने त्याने तुकडा घ्यायचा, डोळे मिटून खायचा. एका रविवारी साक्षीच्या वेळी आई उठून उभी राहिली. तोवर ती कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली:

"मला लई बोलता येत न्हाई. माझं पोरगं उपाशी गेलं हुतं. दहाव्याला कावळा शिवला न्हाई. मग मला ही भाकर भेटली. पहिल्या बारीला निम्मी मी खाल्ली अन् निम्मी पदराला बांधून गावाकडं नेली. मोटरीपाशी, जिथं तो पडला तिथं ठेवली. हात जोडायच्या आत कावळ्यानं उचलली. तवापासून दर महिन्याला नेते अन् दर महिन्याला तो उचलतो. माझं लेकरू जेवाय लागलं. प्रभू खरा हाय."

दोघांतिघांनी सवयीने "आमेन" म्हटलं. मग एकेक जण खाली बघायला लागला.  आई हसतमुखाने खाली बसली आणि तिने माझा हात दाबला. तिला वाटलं, साक्ष चांगली झाली.

संध्याकाळी पास्टर घरी आले. माझ्याहून लहान, शांत माणूस. त्यांच्यावर राग काढायला मला नंतर फार सोयीचं गेलं, पण त्या दिवशी ते तिच्यासमोर जमिनीवर बसून एखाद्या मुलाने आईशी बोलावं तसं बोलले. "मावशी, ही भाकर पिंड नाही. ही जित्या माणसाने विश्वासाने खायची. मेलेल्याला पोचवता येत नाही."

"पोचती ना! कावळ्यानं उचलली की."

"कावळ्याला भूक लागते म्हणून तो उचलतो."

 आई अगदी हळू म्हणाली, "मग घाटावर त्यांना भूक नव्हती का?"

  पास्टर एवढंच म्हणाले, असं पुन्हा करणार नाही म्हणा, आपण प्रार्थना करू आणि विषय संपला. आई म्हणाली, "तसं कसं म्हणू? मी खायची अन् त्यानं उपाशी ऱ्हायाचं का?" शेवटी पास्टर उठले. जड मनानं म्हणाले, तुम्हाला समजेपर्यंत ताट पुढे जाऊ द्या, मावशी.

ताट पुढे जाऊ लागलं. ती येणं बंद करील असं मला वाटलं होतं. ती दर रविवारी आली. पहिल्या रविवारी भिंतीला टेकून बसायची, ताट समोरून गेलं की मान खाली घालायची. घरी आल्यावर पुन्हा पहिला घास बाहेर. फक्त माझ्या दारात कोंबड्या नव्हत्या.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. तपासण्यांत कॅन्सर निघाला आणि लातूरला रेडिएशनचा शेक द्यायला नेलं. दवाखान्याजवळ एक खोली घेतली. पुढच्या खोल्यांतून डॉक्टर व्हायला निघालेली पोरं मोठ्यानं पाठांतर करायची. इकडे माझ्या आईच्या मानेची कातडी काळी पडत चालली होती. नाकातून नळी घातली. पातळ करून सगळं नळीतून. मी स्वतः नर्स, लोकांच्या आयांना किती नळ्या घातल्या असतील, पण हिच्या वेळी दोनदा काढून परत घालावी लागली. नळी घातल्या दिवशी तिने विचारलं, "आता पहिला घास कसा काढायचा?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

मंडळीने उपास केले, साखळी प्रार्थना केली. त्यातच फोनवर कुणीतरी मला म्हणालं, ते भाकरीचं पाप आडवं येतंय, सिस्टर. मी त्या बाईला जे बोलले ते देवाला अजिबात आवडलं नसेल. पण रात्रंदिवस मी देवाला दुसरं काय विचारत होते? मिसरी सोडली, भांडणं सोडली, स्वतःचे देव नदीला सोडले. तुला आवडायला अजून काय करायचं हिने? माझ्या प्रार्थनेत तेव्हा भक्ती नव्हती. दार बडवावं तसं मी बडवत होते आणि आत कुणी आहे की नाही अशी शंका यायला लागली होती. ती मी कुणाला सांगितली नाही.

डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. नांदेडला आल्यावर ती म्हणाली, "पास्टरला बोलव. मला भाकर पायजे."

मी तिच्या पायांशी बसले. "माय, ते विचारतील. एकदा म्हण ना, मीच खाईन म्हणून. म्हणायला काय जातं?"

तिचा आवाज बसला होता. कान तोंडाशी न्यावा लागायचा. "खोटं बोलू?" ती म्हणाली. "देवाला आवडंल का?"

त्या घडीला मला तिचा भयंकर राग आला. मरायला टेकली, थुंकी गिळता येत नाही, आणि एक खोटा शब्द बोलणार नाही. कुणी शिकवलं हिला असं वागायला? मीच आणलं होतं ना शेडमध्ये.

पास्टर आले. भाकर स्टीलच्या छोट्या डब्यात होती. खाटेजवळ बसून त्यांनी विचारलंच, विचारणं त्यांना भाग होतं. "मावशी, ही तुमच्यासाठी ना?"

आईने मान हलवली. नाही. मग त्यांना जवळ बोलावलं. "मला गिळत न्हाई आता. पर मीच तर त्याच्याकडं जाऊन राहिले. लेकाच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

पास्टरांनी डबा धरलेला हात मांडीवर ठेवला.  मग डबा खाटेवर ठेवून त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि मधेच थांबले, पुढचे शब्द त्यांना आठवेनात की काय कोण जाणे. उठून दारात आले तेव्हा डोळे लाल होते. "ताई, मला द्यायचा अधिकार नाही हो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

डबा खाटेवरच राहिला. ते विसरले की ठेवून गेले, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. मी झाकण उघडलं, तुकडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली. तिने तो घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बायका अंघोळ घालताना मूठ उघडायला लागल्या, तर मी म्हटलं, हात लावू नका. माझा चेहरा बघून त्यांनी सोडून दिलं.

तिला आमच्या दफनभूमीत पुरलं. गावाकडून आबा एकटेच आले, चुलत्यांचा शब्द घाटावरच राहिला होता. आबा आयुष्यात पहिल्यांदा आमच्या प्रार्थनेला उभे राहिले. गाणं झालं, माती झाली, फुलं झाली. लोक चपला शोधायला लागले. आबा मात्र टोपी हातात घेऊन तिथेच. मी जवळ गेले तर म्हणाले, "दहावा कवा?"

"आपल्यात... आमच्यात नसतो, आबा."

"पिंड?"

"नसतो."

त्यांनी मातीच्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग हिचं पोट भरलं का न्हाई, ती पोरापाशी पोचली का न्हाई, हे आपल्याला कळायचं कसं?"

पास्टर चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि हातातलं बायबल मिटलं. दफनभूमीच्या कडेला एक कडुलिंबाचं झाड आहे. आबा डोळ्यांवर हात धरून त्याच्या फांद्यांत बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि वर बघत राहिले.