मिटलेले डोळे

फेलिस मंगळवारी गेला. बुधवारी सकाळी मला कॅमेरा घेऊन बोलावलं.

मालवणच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी, म्हणजे आबांनी, काढलेला. आबा वारल्यावर तो माझ्याकडे आला. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. त्या वेळी लोक आयुष्यात एकदोनदा फोटो काढत. लग्नात एक, आणि तोही राहिला तर मेल्यावर. फेलिस चौदा वर्षांचा होता. विषमज्वराने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. वडील कैतान परदेशी बोटीवर नोकरीला होते. पुढच्या खेपेला ते आले की सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, असं घरात ठरलं होतं.

घरात उजेड नव्हता म्हणून फेलिसची शवपेटी ओट्यावर आणवली. मागे आई रोझाबाय, शेजारी काका इनास, बाकी शेजारपाजारचे. मी काळ्या कापडात डोकं घातलं. आमचा कॅमेरा काचेच्या प्लेटचा. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं. तेवढा वेळ माणसांनी हलायचं नसतं, पण जिवंत माणूस हलतोच. श्वास घेतो, रडू आवरतो. त्यामुळे अशा फोटोत एक गोष्ट नेहमी घडते. सगळे थोडेथोडे पुसट येतात आणि मेलेला तेवढा स्पष्ट येतो. फेलिसही तसाच आला. पापण्यांचे केससुद्धा दिसत होते.

चार दिवसांनी इनास स्टुडिओत आला. त्याची बेकरी होती. अंगाला उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा वास आणि बाह्यांना पीठ. प्रिंट घेऊन तो दारातल्या उजेडात गेला.

“शांतारामा, फोटो बरो इलो. पण ह्यो असो नको. डोळे उघडून दी. तुज्या बापाशीन माज्या आवशीचे उघडले होते तशे.”

“करूया.”

“आणि पेटी काढून टाक. खुर्चेर बसव. शाळेचो कोट घाल. कैतान पास्काक घराक येता. तार पोचली तेका. मेलेलो झील तेच्या हातात कसो देवचो?”

पास्क म्हणजे ईस्टरचा सण. त्याला तीन आठवडे होते.

डोळे उघडणं हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं काम होतं. ते कसं करत ते सांगतो. आधी मोठी प्रिंट काढायची. मग पापणीवरचा काळेपणा ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचा. खालचा पांढरा कागद वर येतो, तेच डोळ्याचं पांढरं. त्यावर बारीक ब्रशने बुबुळ काढायचं. बुबुळात एक पांढरा ठिपका ठेवायचा. तो ठिपका द्यायचा राहून गेला तर माणूस आंधळा दिसतो. शेवटी त्या रंगवलेल्या प्रिंटचाच पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे ब्रशचं काम कळत नाही.

हे मला आबांनी शिकवलं. नमुना म्हणून स्टुडिओच्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो होता. मी दोन वर्षांचा असताना ती गेली. तिचाही तो एकच फोटो, गेल्यानंतरचा. तिचे डोळे आबांनी उघडले होते. मोठे, थोडे वर पाहणारे. मी शिकलो ते त्या डोळ्यांवरून. त्यामुळे मालवणातल्या कित्येक घरांत भिंतीवरची माणसं एकाच डोळ्यांनी बघत असत. कोणाची तक्रार आल्याचं मला आठवत नाही.

फेलिसचे डोळे कसे होते, घारे की काळे, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. रोझाबाय ओट्यावर बसली होती. अंगावर काळं लुगडं.

“कशाक होयो तुका रंग?”

मी इनासने सांगितलेलं सांगितलं.

“नको. डोळे उघडू नको.”

“रोझाबाय, कैतानाक बघून बरा वाटात.”

“बरा वाटात, म्हणानच नको. तो महिनोभर रवतलो, फोटो बघतलो आणि परत बोटीर जातलो. थंय तेका वाटात, झील घराकडे आसा, शाळेत जाता. माजो झील मेलो, शांताराम. तेच्या बापाशीक ह्या कळाक होया.”

“पण काम इनासान दिल्यान हा.”

“झील इनासाचो?”

 मी कॉफी पिऊन परत आलो.

गिऱ्हाइकांची अशी भांडणं मी पूर्वीही पाहिली होती. फोटोत कोणी कुठे उभं राहायचं यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबले होते. अशा वेळी आबांचा नियम होता, काम रेंगाळत ठेवायचं. लोक आपोआप एकमत करतात. मी काम रेंगाळत ठेवलं. इनास एक दिवसाआड डोकावून जाई. “झाला?” मी म्हणे, “कागद येवक नाय मुंबयसून.” कागद फळीवर पडलेला होता.

मग एके दुपारी रोझाबाय स्वतःच आली. प्रिंट मागितली. बसून पाहिली. बोट कागदाला न टेकवता त्याच्या चेहऱ्यावरून फिरवलं. नंतर तिची नजर भिंतीवर गेली.

“ही कोण रे?”

“माजी आवस.”

“डोळे तिचेच?”

“आबांनी काढले. मी दोन वर्सांचो आसताना ती गेली.”

रोझाबाय उठून फोटोच्या जवळ गेली. 

“मगे तुका तुज्या आवशीचे डोळे म्हायतच नाय.”

मी टेबलावरचे ब्रश उगाच सारखे करू लागलो. तिच्या ते लक्षात आलं असावं. पदर सावरत ती म्हणाली, “बापाशीक दोष देव नको. तेका एकट्याक झोप येत नसात.” दारापाशी थांबून म्हणाली, “शुक्रवारी देवळात ये. तुका एक दाखवतंय.”

तो गुड फ्रायडे होता. मी यापूर्वी त्यांच्या चर्चमध्ये लग्नांच्या फोटोंसाठी गेलो होतो, त्या दिवशी कॅमेऱ्याशिवाय गेलो. घंटा बंद होती. तिच्या जागी लाकडी खटखट्या वाजत होता. त्याचा आवाज कोरडा होता, दार वाजवल्यासारखा. क्रुसावरून येशूची लाकडी मूर्ती उतरवली. तिचे हात खांद्याशी वळत होते. ते जवळ घेऊन तिला पालखीसारख्या पेटीत निजवलं. लोक रांगेने येऊन पायांना ओठ लावत होते. मी मागे खांबाशी उभा होतो. रोझाबायने हाताने जवळ बोलावलं.

“हय बघ. आज डोळे मिटलेले. आयतवारी सकाळी येऊन बघ. उघडे आसतले. मदी कोणी रंगारी येना नाय.”

मी हळूच म्हटलं, “दोन वेगळे पुतळे आसत, रोझाबाय.”

“माका म्हायत आसा. मी काय खुळी? पुतळे दोन आसत. तो एकच.”

पाद्री बाहेरगावचे, ऑफिसात बोलतात तसं मराठी बोलणारे. गर्दी ओसरल्यावर ते आवारात भेटले. इनासने त्यांच्याकडेही शब्द टाकला होता.

“मोठ्या पेचात सापडलात तुम्ही,” ते म्हणाले.

“तुम्हीच निकाल द्या, फादर. डोळे उघडले तर तुमच्या धर्माला चालतं का?”

“धर्म फोटोच्या आड येत नाही. इनासच्या आईचा फोटो मी पाहिलाय, छान आहे.” ते थोडे हसले. मग म्हणाले, “पण रोझाचं म्हणणं मला समजतं. आम्ही म्हणतो, येशू खरोखर मेला. त्याला पुरलं. कबरीच्या तोंडावर दगड लावला. आणि मग तो उठला. पापाच्या हातातलं शेवटचं हत्यार मरण, ते त्याने असं आत जाऊन काढून घेतलं. तो मेलाच नाही असं म्हटलं, तर त्याने जिंकलं कोणाला?”

“आणि फेलिस?”

“तोही उठेल, असं ती मानते. मीही मानतो. म्हणून तर तिला घाई नाही. घाई इनासला आहे.”

मी घरी आलो. माझा काही त्यांच्यासारखा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणणार नाही. पण कामाची गोष्ट मला कळली होती. मी आणि आबा जे करत होतो ते मरण झाकणं होतं. ती बाई काहीच झाकत नव्हती, आणि तरी आमच्यापेक्षा कमी घाबरलेली होती.

शनिवारी दुपारी मुंबईची बोट आली. बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. कैतान पडावातून उतरला. बंदरावर पुष्कळ माणसं होती, त्यांनी वाट करून दिली. इनासने त्याची ट्रंक उचलली.

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली. तीन दिवस बंद असलेली घंटा लक्षात येते. मी आत डोकावलो. शुक्रवारची पेटी नव्हती. वेदीवर, हातात निशाण घेऊन, येशू उभा होता. डोळे उघडे होते.

मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, संपल्यावर मी फोटो घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाकीट इनासने माझ्या हातातून घेतलं आणि उघडलं. आत फेलिस पेटीतच होता, डोळे मिटलेले.

“शांतारामा, ह्या काय? मी तुका काय सांगलंय?”

“मी सांगलंय तेका,” रोझाबाय आतून म्हणाली.

“गो, पण आज सणाच्या दिवशी…”

“आजच. आज नाय तर कधी?”

कैतानने हात पुढे केला. इनासने दिला नाही. कैतानने हात तसाच ठेवला. शेवटी इनासने फोटो त्याच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून अंगणातल्या माडाकडे बघत उभा राहिला.

कैतानने पाहिलं. मला वाटलं तो आता फोटो पालथा घालील. तो पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवत होता.

“इतको वाडलो?” तो म्हणाला. मग आपल्या छातीशी आडवा हात धरला. “मी गेलंय तेव्हा हयसर होतो.”

खुर्चीवर बसवून, कोट चढवून दिला असता तर त्याला ही उंची दिसली नसती. रोझाबाय त्याच्या शेजारी येऊन बसली. तो रडला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून होती. शेजारची माणसं सणाचं ताट घेऊन आली होती, ती बाहेरच थांबली. बऱ्याच वेळाने कैतानने विचारलं, खंय ठेवलास तेका? आणि दोघं उठून, सणाच्या कपड्यांतच, कबरीकडे गेली.

इनास माझ्याशी महिनाभर बोलला नाही. नंतर एकदा उंडे द्यायला आला तेव्हा म्हणाला, “मी मेलंय काय माजे मिटलेलेच ठेव. पण चष्मो घाल. नायतर कोण वळखूचे नाय.” त्याला मी शब्द दिला, आणि पुढे पाळलाही.

त्या सणानंतरच्या आठवड्यात मी आबांची जुनी खोकी उतरवली. काचेच्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. आईची प्लेट सापडली. खरवडणं, रंगवणं सगळं कागदावर होतं, काच तशीच होती. उन्हात ठेवून प्रिंट काढली. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या पाण्यात, ती हलवत असताना मी आईला पहिल्यांदा पाहिलं. तिच्या डाव्या पापणीवर तीळ होता. डोळे उघडताना आबांना तो खरवडावा लागला होता.

धंद्यातल्या नवशिक्याला मी पुढे एकच गोष्ट सांगत आलो. ब्लेड हातात घेण्याआधी मूळ प्लेट नीट बघावी. गिऱ्हाईक मागेल ते काम मी त्यानंतरही केलं, पोटाचा धंदा होता. पण आधी घरातल्या आईला विचारत असे.

स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. कैतान गेला, इनास गेला. रोझाबाय यंदा कोरेझ्मात, ईस्टरच्या आधीच्या उपवासांत गेली. मी पेटीपाशी जाऊन आलो. फेलिसच्या शेजारी तिची जागा तिने सांगून ठेवली होती.

आईचे दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. डोळे मिटलेला भिंतीवर आहे.