प्रत्येक चाचणीला कोरी वही

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही, आणि खोटं कशाला बोलू, तेही मला आवडले नाहीत. त्यांनी तीस वर्षं तमिळनाडूत सोनं गाळलं. आता तिथलं दुकान माझा नवरा बघतो आणि मामा, म्हणजे सासरे, विट्यात घरी बसून माझ्यावर नजर ठेवतात. माझं माहेर रहिमतपूर. साताऱ्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम मी इथल्या माडीवर बसून करते. मामा त्याला 'डबड्यापुढं बसणं' म्हणतात.

त्याच मामांनी माझ्या कंपनीला काम आणून दिलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं गाळणारे, देशभर पांगलेले. त्यांना एक सामाईक वही हवी होती: सोन्याची कुठली लगड कुणी गाळली, आत्ता कुणाच्या ताब्यात आहे. ती ब्लॉकचेनवर करायची ठरली. प्रत्येक दुकानात वहीची प्रत, आणि एकदा लिहिलेलं कुणालाच खोडता येणार नाही. चाचण्या माझ्याकडे होत्या. 'तपासलं, चोख आहे' या कागदावर सहीही माझीच होणार होती, आणि त्या सहीच्या भरवशावर माणसं आपलं सोनं वहीत चढवणार होती.

मी प्रत्येक चाचणीसाठी वेगळा नोड उभा करायची. नोड म्हणजे ती वही चालवणारा प्रोग्रॅम. तो बाहेरच्या कुठल्याही नोडला जोडलेला नसायचा आणि आत एकही नोंद नसायची. चाचणी झाली की पुसून टाकायचा, पुढच्या चाचणीला नवा. सगळं आपोआप व्हायचं, पण संपायला दोन तास लागायचे.

दसऱ्याला गलाईवाले गावी येतात. मामांनी त्यांना सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरापुढच्या सोप्यात बोलावलं आणि मला न विचारता सांगून टाकलं, की सून तुमच्यापुढं सगळं तपासून दाखवंल, चहा संपायच्या आत.

"दोन तास लागतात," मी म्हटलं.

"दरवेळी नवा कशाला उभा करतीस? एकच ठेव की."

"आवं मामा, एकाचं सोनं वितळवलेल्या मुशीत तुमी दुसऱ्याचं टाकता का? तळाला पहिल्याचं काहीतरी राहतंच की."

"मला मूस शिकवतीस व्हय गं? तुझा बाप कवा भट्टीवर बसला हुता?"

बापावर गेलं की माझं डोकं फिरतं. पण त्या आठवड्यात मी टोमणे खाऊन खाऊन इतकी विटले होते, की भांडायचं सोडून हात टेकले. एकच नोड ठेवला आणि साऱ्या चाचण्या त्याच्यावर एकामागून एक सोडल्या. बारा मिनिटांत पडदाभर हिरवं. मी सही केली आणि कागद मामांच्या पुढ्यात आपटला.

त्यानंतर मला अन्न गोड लागेना. दसऱ्याच्या दुपारी घरचे बाहेर पडल्यावर मी कोऱ्या नोडांवर सगळं परत चालवलं. एक चाचणी लाल आली. एका दुकानानं चढवलेली लगड दुसरं दुकान आपल्या नावावर चढवायला गेलं, तर वहीनं अडवायला हवं. वहीनं खुशाल चढवून घेतली. आमचा नियम फक्त त्याच दुकानाला दुसऱ्यांदा अडवत होता. मग आधी हिरवं कसं आलं? जुन्या नोडवर आधीच्या एका चाचणीनं त्याच लगडीचा नंबर त्या दुसऱ्या दुकानाच्या नावावर लिहून ठेवला होता, म्हणून ते दुकान अडलं. खऱ्या वहीत एकच लगड दोघांच्या नावावर चढली असती, आणि खोडायची सोय नव्हती.

मामा आल्याबरोबर त्यांना सांगितलं. दुरुस्तीला चार दिवस लागतील, तोवर कुणाला वही देऊ नका, म्हटलं.

"मागनं कर दुरुस्त," ते म्हणाले. "उद्या तोंड उघडलंस तर माझं नाक कापलं जाईल. ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सोपा माणसांनी भरला. मामांनी कागद हातोहात फिरवला, सुनेचं कौतुक केलं. माझं असलं कौतुक त्यांनी लग्नातसुद्धा केलं नव्हतं. तपासून दाखवायची वेळ आली तशी मी उभी राहिले आणि म्हटलं, तो कागद खोटा आहे. काय चुकलं, कसं चुकलं, सगळं सांगितलं. मामांचा चेहरा बघून मला आनंद झाला, हेही कबूल करते.

कोपऱ्यातले एक म्हातारे गलाईवाले उठले. आवाज अगदी साधा होता. "पोरी, सही केलीस तवा तुला ठाव हुतं का, तपासणी नीट झाली न्हाई म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. "पण मामांनी घाई केली. एकच नोड ठेव म्हणून तेच मागं लागले. मी न्हाई म्हणत होते."

"आसंल. पण कागदावर नाव कुणाचं हाय?"

"माझं."

त्यांनी माझा कागद माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. त्यांच्यामागून एकेक करत सगळे उठले. कुणी मामांना दोष दिला नाही, कुणी मला शाबासकी दिली नाही. सोपा रिकामा झाल्यावर मामा माझ्याकडे बघून हसले. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.