पाण्याची बाजू घेणारी मुलगी

पाण्यावर कधी कोर्टात उभं राहायची वेळ आलीच, तर त्याने आपला वकील म्हणून माझ्या लॅब पार्टनरला नेमावं. तिच्याइतकी पाण्याची बाजू घेणारी व्यक्ती मी आजवर पाहिलेली नाही, आणि बेंगळुरूसारख्या शहरात, जिथे निम्मे लोक टँकरची वाट बघत बसलेले असतात, तिथे पाण्याला शिव्या देणारेच जास्त भेटतात. तिचं म्हणणं असं की माणसं खोटं बोलतात, पुस्तकांत छपाईच्या चुका असतात, पण पाणी आपल्या वाटेने बरोबरच जातं. आपल्याला ते कळलं नाही तर तो आपला प्रश्न. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स नावाचा विषय समोर आला, तेव्हा मी मिरजेहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, बर्नोलीच्या समीकरणाचं नाव काढलं तरी पुस्तक मिटून टाकणारी मुलगी होते. वर्गात मुली इतक्या कमी की आम्हां दोघींची जोडी लावताना सरांना विचार करावाच लागला नाही.

ती मूळची इथलीच. तिचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथेच राहिले. त्यामुळे तिचं मराठी म्हणजे अर्धं आमच्याकडचं आणि अर्धं शेजारच्या कन्नड घरातून उसनं आणलेलं. "स्वल्प थांब की," म्हणजे जरा थांब, हे तिचं आवडतं वाक्य, आणि ते ती कधी, कुठे म्हणेल याचा नेम नसे. कॉलेजजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, आम्ही कॉफी प्यायचो. सगळं जग कॉफी थंड करायला वाटीसारख्या डबऱ्यातून पेल्यात ओततं. ही मात्र हात शक्य तितका वर नेऊन ओतायची आणि ती धार खाली जाताजाता कशी बारीक होते हे डोळे बारीक करून बघायची. वेग वाढला की जाडी कमी होणारच, हे तिला मान्य होतं, पण रोज एकदा खात्री करून घ्यायला काय हरकत आहे, असा तिचा सवाल असे. एकदा त्या खात्रीपायी शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या शर्टाची बाही भिजली. तिने त्यांची माफी मागितली आणि मग धार नेमकी कुठे फुटली हे त्यांना विचारलं.

पावसानंतर तिच्याबरोबर रस्त्याने चालणं ही तर शिक्षाच होती. गटाराच्या कडेला उकिडवं बसून ती पाण्यात कागदाचे कपटे टाकायची. मधला कपटा पुढे पळतो, भिंतीलगतचा रेंगाळतो, हे तिला डोळ्यांनी बघायचं असे. छत्री धरायचं काम माझं. एकदा एका बाईंना वाटलं की आमचं कानातलं पडलंय. त्या बिचाऱ्या पदर खोचून आमच्याबरोबर शोधू लागल्या. त्यांना बघून एक रिक्षावाला थांबला, मग दोन कॉलेजची मुलं, मग हातात दुधाची पिशवी घेतलेले एक आजोबा. काय हरवलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे मन लावून शोधत होते. शेवटी आजोबांनीच विचारलं, तेव्हा तिने कन्नडमध्ये सगळ्यांना नीट समजावून सांगितलं की काहीही हरवलेलं नाही, पाणी कडेला हळू का जातं ते बघतेय. मी शरमेने छत्री खाली ओढून घेतली. रिक्षावाला मात्र जाताना स्वतःचा एक कपटा टाकून गेला.

मला हा विषय आला तो तिच्यामुळेच. पाइपच्या भिंतीला चिकटलेला पाण्याचा थर हलतच नाही, हे मला काही केल्या पटत नव्हतं. तिने हॉस्टेलच्या माझ्या खोलीत खुर्चीवर चढून पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. पंखा दिवसभर गरगरतो, तरी ही धूळ उडून जात नाही, कारण पात्याला लागून असलेली हवा पात्याला धरूनच फिरते, असं ती म्हणाली. त्यानंतर मला तो धडा पुन्हा वाचावा लागला नाही. पंखा मात्र पुसावा लागला.

तिच्या घरी या सगळ्याचं कौतुक होतं असं नाही. तिच्या आईला वाटे की मुलीने तीळतेल, एरंडेल आणि मधाच्या बाटल्या एकदम उलट्या करून कोण आधी खाली येतं हे बघत बसण्यापेक्षा वेगळं काही करावं. वडिलांना, ज्यांना ती अण्णा म्हणायची, मेकॅनिकल ही मुलींची शाखाच वाटत नव्हती. त्यांनी तिला बजावलं होतं की या वर्षी एका जरी विषयात अडकलीस, तर कॉलेज बदलायचं आणि मुकाट्याने कॉम्प्युटर घ्यायचं.

आणि नेमकं त्याच वर्षी व्हेंचुरीमीटर आडवा आला. हा मधे निमुळता होणारा एक पाइप असतो. त्यातून पाणी सोडायचं, ते एका टाकीत जमवायचं, टाकी किती वेळात किती भरली त्यावरून खरा प्रवाह काढायचा, आणि त्याला गणिताने आलेल्या प्रवाहाने भागायचं. घर्षणात थोडं काहीतरी जातंच, म्हणून उत्तर एकापेक्षा जरासं कमी यायला हवं. आमचं एकाच्या वर आलं. पुन्हा केलं, पुन्हा वर आलं. वर्गातल्या बाकी सगळ्या जोड्यांचं उत्तर मात्र अगदी पुस्तकातल्यासारखं होतं. लॅबचे सर स्वभावाने मऊ, पण दिवसभर तेच तेच प्रयोग घेऊन थकलेले. त्यांनी विचारलं, सगळ्यांचं बरोबर आलं, तुमचंच कसं चुकलं? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "सर, त्यांचं आलेलं नाही, त्यांनी आणलंय." हे ती इंग्रजीत म्हणाली होती, पण मला ते मराठीतच आठवतं, कारण मराठीत ते जास्त लागतं.

सरांनाही लागलं. आकडे दुरुस्त केल्याशिवाय सही मिळणार नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी तिला विनवलं. म्हटलं, एक आकडा बदल, अण्णांचं बोलणं आठव. तिने नकारार्थी मान हलवली आणि म्हणाली, "पाणी बरोबर आहे गं. आपणच काहीतरी चुकीचं धरलंय." मग आम्ही रोज रिकाम्या तासाला लॅबमध्ये जाऊ लागलो. दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरच्या नळ्यांतले हवेचे बुडबुडे काढले, स्टॉपवॉच तपासलं, सांधे गळतात का ते बघितलं. सगळं ठीक होतं. परीक्षा जवळ येत होती आणि मला रात्री स्वप्नात टाकी दिसू लागली होती.

एका सकाळी ती आईची शिवणकामाची टेप घेऊन आली आणि थेट रिकाम्या टाकीत उतरली. मी दाराशी पहारा देत होते, पण पहारा देणाऱ्याने कुणाला तरी अडवायचं असतं, आणि विभागप्रमुखांना अडवणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. ते पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन आले होते, मागोमाग सर. टाकीच्या वर फक्त तिचं डोकं दिसत होतं. विभागप्रमुख काही बोलायच्या आत तिने टेपचं टोक त्यांच्यापुढे केलं आणि नम्रपणे म्हणाली, "सर, स्वल्प हे धरता?" त्यांनी ते धरलं. मला वाटतं, दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

टाकी भिंतीवरच्या फलकावर लिहिलेल्या मापापेक्षा लहान निघाली. कधीतरी ती गळत असणार, म्हणून आतून सगळीकडून बोटभर जाडीचं फायबरचं अस्तर मारलं होतं, आणि फलकावरचं माप जुनंच राहिलं होतं. विभागप्रमुखांनी पाहुण्यांसमोर, उभ्याउभ्या, आमचं गणित नव्या मापाने केलं. उत्तर एकाच्या खाली, जिथे यायला हवं तिथे आलं. ती टाकीतून बाहेर आली, ओढणी झटकली आणि टेप गुंडाळू लागली.

पाहुणे गेल्यावर सर आमच्या टेबलापाशी आले. त्यांनी सही केली, पण लगेच गेले नाहीत. पेनाला टोपण लावत म्हणाले, "इतकी वर्षं मुलं मला हवं तेच उत्तर देत आली. मला वाटायचं, मी चांगलं शिकवतो." ती एरवी कुणालाही सोडणारी नव्हे. त्या वेळी मात्र तिने त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं आणि अस्तराची जाडी प्रवाहाच्या गणितात कशी मांडावी, ते त्यांनाच विचारलं. ते उत्तर तिला येत होतं, हे मला माहीत होतं. सर खुलून बराच वेळ समजावत राहिले.

लेखी परीक्षेत तिला बेताचेच गुण मिळाले, कारण एका प्रश्नावर ती अर्धी उत्तरपत्रिका खर्चून बसली. पण ती पास झाली, आणि अण्णांनी पुन्हा कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. शेवटच्या वर्षी तिला शहराबाहेरच्या होसकोट्याच्या पंपांच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की तिथे मुली असतात का. "मी असेन की," ती म्हणाली.

ती अजून तिथेच आहे. नवा पंप बाहेर पडण्याआधी तिच्या हाताखालून जातो. मी व्हाइटफील्डच्या एका काचेच्या इमारतीत संगणकासमोर बसते. माझ्या कामात काहीही ओलं होत नाही. नकाशावर आमच्यात फार अंतर नाही, पण त्या रस्त्याची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला आम्ही का भेटत नाही हे सांगावं लागणार नाही. अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन येतो. ती आपल्या पंपांविषयी भरभरून बोलते, मग एकदम थांबून माझं कसं चाललंय ते विचारते. मी बरं चाललंय म्हणते आणि त्यापुढे काय सांगावं याचा विचार करत असते, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी पंप सुरू करतं. त्या घरघरीत तिला माझं काही ऐकू येत नाही, मला तिचं येत नाही. तरी दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नाही.